पप्पा येऊन गेले

या सदरातले अनुभव मी बरेच महिने वाचतेय आणि खरं सांगते, वाचून बऱ्याचदा हसलेय. मागून येणारी पावलं, आपोआप उघडणारी दारं... असलं काही वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की या माणसाची त्या दिवशी झोप नीट झाली होती का. माझं शिक्षण फिजिक्सचं. वडील नगरला एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यात आम्ही ख्रिस्ती — गेलेला माणूस देवाघरी विसावतो, तो परत येऊन दारात उभा राहत नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हणजे विज्ञानात याला जागा नाही आणि आमच्या श्रद्धेतही नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी विषय बदलते. अजूनही.

तरी लिहितेय. कारण हे माझ्याच घरात घडलं, आणि घडलं तेव्हा भर दुपार होती, छान ऊन पडलेलं होतं. नावं तेवढी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा प्रमोद रेल्वेत इंजिनिअर. त्या वर्षी उन्हाळ्यात त्याची लखनौला बदली झाली आणि आम्ही महानगर कॉलनीत एका बंगलीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. नगर सोडून मी त्याआधी पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. मला लखनौ म्हणजे परदेशच. कोथिंबीर मागितली की भाजीवाला नुसता बघत राहायचा, धनिया म्हणायचं हे लक्षात यायलाच महिना गेला. घरात आम्ही दोघं मराठी, बाकी दिवसभर हिंदी, आणि तीही इतकी गोड नि सावकाश की आपण बोलतोय ते भांडण वाटावं.

खाली घरमालकीण राहायच्या — सक्सेना आंटी. साठीच्या पुढच्या, एकट्या. मुलगा दिल्लीत. पुढच्या अंगणात थोडं गवत, पेरूचं एक झाड आणि दोन-तीन वेताचे मोढे, म्हणजे बसायची बुटकी स्टुलं. थंडी सुरू झाली की धुकं विरून ऊन यायला अकरा वाजायचे, मग आंटी दिवसभर त्या मोढ्यावर. हातात विणकाम नाहीतर मटारची परात.

मला तेव्हा दिवस गेलेले होते. त्याआधी एकदा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून यावेळी डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली होती — प्रवास नाही, जिना कमी, ओझं नाही. म्हणजे नाताळला नगरला जायचं नाही. आयुष्यातला पहिला नाताळ घरापासून लांब. मी ते ऐकून डॉक्टरांच्या दारातच रडले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नाताळ म्हणजे दिवाळीच. करंज्या, शेव, चकल्या, अनारसे. बांबूच्या कामट्या नि पतंगाचा कागद घेऊन पप्पा दरवर्षी चांदणी करायचे, आणि चर्चमधल्या पोरांचं नाताळचं नाटकही तेच बसवायचे. मी त्यांची एकुलती मुलगी. मला ते ‘सुलूबाई’ म्हणायचे, अगदी अहो-जाहो करून. ‘काय सुलूबाई, आज अभ्यासाचा उपास का?’ असं. हे नाव दुसरं कुणी घ्यायचं नाही. प्रमोदसुद्धा नाही, तो सुलभाच म्हणतो.

जाता येत नाही म्हणून मी पप्पांसाठी स्वेटर विणायला घेतला. मला विणकाम येत नव्हतं. आंटींनी शिकवलं. बॉटल ग्रीन लोकर, समोर दोन वेण्या, आंटी त्यांना केबल म्हणायच्या. वेणीचं डिझाइन आंटींचं स्वतःचं, त्यांनी ते नवऱ्यासाठी बसवलं होतं असं सांगायच्या. महिनाभर आम्ही दोघी उन्हात बसून विणत होतो. एक बाही जरा लांब झाली. आंटी म्हणाल्या उसवून टाक, मी म्हटलं राहू दे, पप्पा दुमडून घेतील. नोव्हेंबर संपता संपता पार्सल पाठवलं आणि फोनवर बजावलं, नाताळच्या सकाळीच उघडायचं, आधी नाही.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एक दिवस प्रमोद ऑफिसातून दुपारीच घरी आला. म्हणाला, अलाहाबाद साइडला इन्स्पेक्शन निघालंय, तातडीनं जावं लागतंय, चार-पाच दिवस लागतील. बॅग मीच भरली. तो नव्हता तेव्हा आंटी रात्री माझ्या सोबतीला वर झोपायला यायच्या. परत आला तेव्हा चेहरा अगदी उतरलेला होता. काम फार होतं म्हणाला. माझ्यासाठी पेरू आणले होते, अलाहाबादचे, आतून गुलाबी. मी मीठ लावून खाल्ले, आंटींनाही नेऊन दिले.

दर रविवारी मी आमच्या जवळच्याच कपूरथळा नावाच्या भागातल्या बाजारात एसटीडी बूथवरून नगरला दादाच्या घरी फोन करायचे. आई-पप्पा दादाकडेच असायचे. त्या दिवसांत पप्पा काही केल्या फोनवर येईनात. एकदा आई म्हणाली, झोपलेत, जरा सर्दी झालीय. पुढच्या वेळी दादा म्हणाला, चर्चमध्ये गेलेत, पोरांची तालीम चाललीय. आणि वर म्हणाला, ‘पप्पांनी सांगितलंय तुला, जिना सांभाळून उतर.’ मी हसले. म्हटलं, त्यांना सांग, सुलूबाई उडत उतरतात. पलीकडे दादानं घाईनं फोन ठेवला, मला वाटलं लाइन कट झाली.

आता नाताळच्या आदल्या दिवसाबद्दल.

प्रमोदनं सुट्टी घेतली होती. सकाळी धुकं सरल्यावर आम्ही सायकलरिक्षा करून हजरतगंजला गेलो. केक घ्यायचा होता, चांदणीसाठी कागद घ्यायचा होता. लखनौची एक गंमत मला तेव्हा कळली — नाताळला तिथल्या मोठ्या चर्चपाशी सगळं शहर लोटतं. आमच्यासारखे चार, बाकी सगळे हिंदू, मुसलमान, बुरख्यातल्या बायका, कडेवर पोरं. आदल्या दिवशीपासूनच फुगेवाले येऊन बसलेले. मी अगदी खुशीत होते. प्रमोद मात्र मागे मागे रेंगाळत होता. मधेच म्हणाला, या वर्षी फार काही करू नकोस, दगदग होईल. मला राग आला. म्हटलं, एक तर घरी जाता येत नाही, त्यात इथेही काही करायचं नाही का?

परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले असतील. आंटी अंगणात होत्या. समोर दुसरा मोढा ओढून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर चहाचा कप. भरलेला. वर साय धरलेली. मला बघून आंटी उठल्याच.

‘‘अरे बेटा, कहाँ रह गए थे तुम लोग? तुम्हारे पिताजी आए थे. कितनी देर बैठे रहे बेचारे.’’

मला आधी कळलंच नाही. मी प्रमोदकडे बघितलं, वाटलं सासरे आले की काय. पण माझे सासरे लग्नाआधीच वारलेले. मी विचारलं, कौन पिताजी?

मग आंटींनी सगळं सांगितलं. त्या मटार सोलत बसल्या होत्या. फाटक वाजल्याचं आठवत नाही, पण मान वर केली तर हे गृहस्थ समोर उभे. उंच, सावळे, केस सगळे पांढरे, चष्मा. नमस्कार केला आणि विचारलं, सुलूबाई आहेत का? आंटींना वाटलं कुणा कामवालीची चौकशी करतायत. त्या म्हणाल्या, यहाँ कोई बाई-वाई नहीं रहती भाईसाहब. तर ते हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘मेरी मुलगी.’ आंटींना शब्द कळला नाही. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष स्वेटरकडे गेलं.

‘‘वही स्वेटर, बेटा. मैं अपनी केबल न पहचानूँगी? एक आस्तीन मोड़ रखी थी. मैंने कहा, अच्छा, आप सुलभा के पिताजी हैं.’’

मग त्यांनी पप्पांना मोढा दिला, आत जाऊन चहा करून आणला. पप्पांनी कप हातातही घेतला नाही. उन्हात बसले होते तरी हात काखेत दाबून धरलेले, फार थंडी वाजत असावी असे. आंटींनी सामान कुठंय विचारलं, केव्हा निघालात विचारलं. ते मराठीतच काहीतरी बोलत राहिले. बराच वेळ बसले, मधून मधून फाटकाकडे बघायचे. आंटी मटार ठेवायला आत गेल्या नि परत आल्या तोवर उठून निघालेले होते, फाटकापाशी पोचलेले. आंटींनी हाक मारली, तर वळून तेच म्हणाले जे बसल्या बसल्या दोन-तीनदा म्हणाले होते.

‘‘कुछ ‘बाट पाहिली, ख़ूब बाट पाहिली’... ऐसा कुछ. बाट तो हम भी समझते हैं बेटा, राह देखने को कहते हैं. तो मैंने कहा, अभी आ जाएँगे वो लोग, आप बैठिए. पर वो चले गए.’’

खूप वाट पाहिली.

मला काय आनंद झाला ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पप्पा आले. न सांगता, सरप्राइज द्यायला, एवढा लांबचा प्रवास करून. म्हणूनच फोनवर येत नव्हते, सगळे मिळून लपवत होते. आणि पार्सल नाताळच्या आधीच उघडलं, लबाड माणूस. मी आंटींना मिठी मारली. म्हटलं, ते बाजारात गेले असतील, त्यांना एका जागी बसवत नाही, येतील इतक्यात.

मागे वळून बघितलं तर प्रमोद जिन्याच्या पायरीवर बसला होता. केकचा खोका मांडीवर.

मी म्हटलं, बसलास काय, जा की शोधायला, नवीन शहर आहे, चुकतील ते. तो म्हणाला, आंटींचा काहीतरी गैरसमज झाला असेल. मी म्हटलं, स्वेटर कसा गैरसमज होईल? सुलूबाई कसा गैरसमज होईल? तो आंटींपुढे जाऊन उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायला लागला. चष्मा कसा होता. कुठल्या बाजूला बसले होते. नक्की हिरवाच होता का. आंटी शेवटी जरा तुटकपणे म्हणाल्या की भैया, उम्र हो गई है, अंधी नहीं हुई हूँ. मग तो फाटकाबाहेर गेला.

मी वर येऊन कामाला लागले. पप्पांना माझ्या हातची वांग्याची भाजी आवडायची, ती टाकली. भाकरीसाठी ज्वारीचं पीठ शोधलं, नगरहून आणलेलं शेवटचं उरलेलं. खाटेवर त्यांच्यासाठी रजई घातली. मधून मधून गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन रस्त्याकडे बघायचे. उंच माणूस दिसला की हात वर करायचे.

संध्याकाळी अंधारून यायला लागलं तेव्हा प्रमोद आला. एकटाच. डोळे लाल. म्हणाला, नाही सापडले. मी म्हटलं, मग नगरला फोन करू, कुठल्या गाडीनं निघाले ते तरी कळेल, स्टेशनवर जाऊन बघता येईल. तर म्हणाला, लाइन लागत नाहीये, मी आत्ताच बघून आलो. त्याच्या सांगण्याच्या पद्धतीत काहीतरी होतं. मी गॅस बंद केला, शाल घेतली आणि म्हटलं, मी स्वतः जाते बूथवर.

तो दारात आडवा उभा राहिला.

‘‘सुलभा, बस. पप्पा येऊ शकत नाहीत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पप्पा गेले. या महिन्याच्या सुरुवातीलाच.’’

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, अरे दुपारी खाली बसले होते ते. तो रडायला लागला. लग्नानंतर त्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते बघून मला कळलं की हा खोटं बोलत नाहीये. आत्ता बोलत नाहीये.

एकेक करून सगळं बाहेर आलं. पप्पांना हार्ट अटॅक आला होता. दादानं प्रमोदला ऑफिसात फोन केला. अलाहाबादचं इन्स्पेक्शन वगैरे काही नव्हतंच. तो नगरला गेला होता. मी भरून दिलेली बॅग घेऊन. पप्पा दवाखान्यात होते, दोन दिवसांनी गेले. तो मातीला उभा राहिला, त्यानं पेटीवर माती टाकली, आणि परत येऊन मला म्हणाला, काम फार होतं. पेरू त्यानं लखनौच्या स्टेशनबाहेर घेतले होते.

सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं म्हणे. आई, दादा, वहिनी, हा. बाळंतपण होईपर्यंत सुलभाला सांगायचं नाही. मागच्या वेळेसारखं झालं तर?

मी विचारलं, आंटींना तू सांगितलं होतंस? तो म्हणाला, इथे कुणालाच नाही, ऑफिसात फक्त साहेबांना. दुपारी तो पप्पांना शोधायला गेलाच नव्हता. बूथवर जाऊन दादाला विचारत होता, की आपल्यापैकी किंवा चर्चमधलं कुणी लखनौला आलंय का. कुणीही आलेलं नव्हतं.

आणि स्वेटर? पप्पांना दवाखान्यात थंडी भरून येत होती म्हणून आईनं पार्सल फोडून तो त्यांच्या अंगात घातला होता. तोच अंगावर ठेवून त्यांना पुरलं. डावी बाही दुमडलेली, तीही तशीच. हे प्रमोदनं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तो पायरीवर बसला होता.

नाताळच्या सकाळी मी उठले, साडी नेसले आणि त्याला म्हटलं, बूथवर चल. रात्री मी खोलीला आतून कडी लावून घेतली होती आणि तो पुन्हा बूथवर जाऊन दादाशी बोलून आला होता. सगळीकडे धुकं होतं, बूथवाल्यानं नुकतंच शटर वर केलेलं. फोन आईनं उचलला. दादानं तिला सांगितलं होतं की मला कळलंय. ती रडत होती, म्हणत होती, तुझ्या पोटातल्या जिवाचा विचार केला गं. मी विचारलं, पप्पांनी मला विचारलं होतं का? एवढंच सांग.

आईनं रडणं आवरलं आणि सांगितलं.

‘‘सारखं विचारत होते. प्रमोदराव खोलीत आले ना, तर यांनी आधी त्यांच्या मागे बघितलं. तू असशील म्हणून. प्रमोदराव म्हणाले, येतेय पप्पा, मागच्या गाडीनं येतेय. मग शेवटपर्यंत दाराकडेच तोंड करून होते. कूस म्हणून बदलू देईनात. खूप वाट पाहिली गं त्यांनी.’’

आंटींनी काय सांगितलं ते मी आईला तोवर बोलले नव्हते. दादालाही प्रमोदनं एवढंच विचारलं होतं की कुणी आलंय का, आंटींचं काही सांगितलं नव्हतं. ते शब्द तिच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

काचेच्या बाहेर प्रमोद हात चोळत उभा होता. आदल्या संध्याकाळी त्यानं मला सगळं सांगितलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं. माझ्या मरणाऱ्या बापाला त्यानं माझ्या नावानं शब्द दिला होता आणि लखनौला येऊन मला पेरू कापून दिले होते. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, ‘‘मागच्या गाडीनं?’’

तो म्हणाला, ‘‘दुसरं काय सांगणार होतो मी त्यांना?’’

‘‘त्यांना नाही. मला सांगायचं होतंस.’’

मी तिथून रिक्षा करून एकटी चर्चला गेले. तो मागून दुसऱ्या रिक्षानं आला, पण जवळ आला नाही. आत गाणी चालली होती, बाहेर फुगे, पिपाण्या, गर्दी. अनोळखी माणसं हसून हॅपी क्रिसमस म्हणत होती आणि मी त्यांना उलट म्हणत होते. काळी साडी नेसलेली नव्हती मी, कुणाला काय कळणार. माझ्याच बापाचं सुतक मला तीन आठवडे उशिरा लागत होतं, आणि त्या तीन आठवड्यांत मी गाणी म्हणत करंज्यांचं सारण भाजलं होतं.

बाळाला काही झालं नाही. फेब्रुवारीत मुलगी झाली, अगदी सुखरूप. प्रमोद म्हणायचा, बघ, म्हणूनच. मी म्हणायचे, कळल्यानंतरही झाली ना सुखरूप. हे भांडण आमच्यात कितीतरी वर्षं चाललं. मग थांबलं, मिटलं असं नाही. त्यानं मला फुलासारखं जपलं, हे मी कुणापुढेही सांगेन. पण त्यानंतर तो टूरला निघाला की मी तिकीट बघायला मागायचे. तो दाखवायचा, कधी चिडला नाही. आईला मी भेटायला जायचे, जवळ बसायचे, पण तिच्या हातचं दोन घासांपलीकडे खायचे नाही. ती गेली तेव्हाही आमच्यात ते राहिलंच. दादाशी मी बोलते. फोनवर तो ‘सगळं ठीक आहे’ म्हणाला की मी अजून घरातल्या एकेकाला फोनवर बोलावून घेते.

आता स्पष्टीकरणाचं. प्रमोदचं म्हणणं, आंटींना उन्हात डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. स्वेटर त्यांनीच शिकवलेला, तो कुणासाठी ते त्यांना माहीत होतं, मी पप्पांबद्दल रोज बोलायचे. मी हे मान्य करते. मी जर दुसऱ्या कुणाचा अनुभव वाचत असते तर हेच म्हटलं असतं. पण सुलूबाई हे नाव मी त्यांच्यापुढे कधी घेतल्याचं मला आठवत नाही. बरं, ते घेतलंही असेन. फोन करताना बूथवर त्या एखाद वेळी सोबत होत्या. तरी वाट पाहिल्याचे शब्द? आंटींना मराठीचा गंध नव्हता. आणि कप तर मी स्वतः बघितला, दुसऱ्या मोढ्यापाशी. स्वप्नातल्या माणसासाठी कुणी आत जाऊन चहा करून आणत नाही.

आंटींना आम्ही नंतर खरं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, तेव्हा कळलं असतं तर मी त्यांना जाऊ दिलं नसतं, हाताला धरून बसवलं असतं. पुढे आमची बदली झाली, काही वर्षांनी त्याही गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक पडला नाही. बाळाला घेऊन मी नगरला गेले तेव्हा पप्पांच्या कबरीपाशी बसून विचारलं सुद्धा, मोठ्यानं, खरंच आला होतात का म्हणून. उत्तर येणार नव्हतं, आलं नाही.

लोक विचारतात, ते आले कसे? मला ते माहीत नाही आणि आता मी शोधतही नाही. मला दुसरंच कळत नाही. आंटी म्हणाल्या होत्या, ते निघाले आणि थोड्याच वेळात तुमची रिक्षा आली. म्हणजे आम्ही घराजवळच्या निशातगंजच्या पुलावर वगैरे असू. जो माणूस मरणाच्या दारात कूस न बदलता माझी वाट बघत राहिला, तो एवढ्या लांब आला, आणि मी कोपऱ्यावर असताना उठून गेला. बाकीच्यांनी मला फसवलं ते निदान का फसवलं ते मला कळतं. पप्पा अजून थोडा वेळ का थांबले नाहीत, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.